कुंकू लावलेली काडतुसं

२ ऑक्टोबर १९८८, रविवार

सुट्टीच्या दिवशी महिपत दारात! दुकान बंद आहे म्हटलं तरी हलेना. खांद्याला पिशवी, पिशवीत त्याच्या वडिलांची लाकडी पेटी. पेटीत शिकारीचं पिस्तूल — एकबारी, बिजागरीतून मोडून एकेक काडतूस भरायचं. सोबत दोन सुट्या नळ्या. एक लांब, एक आखूड. दहा वर्षं कुणी तेलाचा थेंब दाखवलेला नाही. राग आला.

मानपाड्याच्या कंपनीत चार वर्षांपूर्वी प्रेसखाली याचा डावा हात गेला, कोपरापासून. तेव्हापासून गावी, मुरबाडच्या पुढे, भात करतो. रानडुकरं उभं पीक लोळवतात. वडिलांचं लायसन त्याच्या नावावर झालं, जंगल खात्याचा कागदही मिळाला. पण बंदुकीला दोन हात लागतात. म्हणून हे पिस्तूल.

"एक हात कंपनीला दिला, मिस्त्री. दुसरा तुमच्या हवाली करतोय."

हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

दोन्ही नळ्या साफ केल्या. लांब नळी जाड आहे, आतल्या रेघा शाबूत. दारूची जड भरती आरामात झेलेल. पण वजन फार! आखूड नळी हातात छान बसते, मात्र जुनी. भिंत पातळ, मागच्या अंगाला गंजाचे खड्डे. खड्डे भरून येत नसतात. हलकी भरती घातली तर अजून चार-पाच हंगाम चालेल. चुकून जड गेली तर फुटेल — आणि फुटेल ती त्याच्या उरलेल्या हातात.

टेबलावरचा दिवा हल्ली मंद वाटतो. व्होल्टेज!

७ ऑक्टोबर, शुक्रवार

महिपत आला. रिकामं पिस्तूल हातात देऊन दोन्ही नळ्या धरायला लावल्या. लांब नळी लावली की पाच आकडे मोजेपर्यंत टोक खाली. आखूड लावली तर वीस मोजले तरी हात जागेवर.

"हीच द्या," म्हणाला.

त्याला समजावलं. हलक्या भरतीने डुक्कर मरेलच असं नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर पळत नाही, अंगावर येतं. एका हाताचा माणूस मचाणावर किती वेळ टिकणार?

"नेमच लागला नाय तर जड काय नि हलकं काय, मिस्त्री?"

बरोबर बोलला. गिऱ्हाईक बरोबर बोललं की माझं डोकं फिरतं! तासभर वाद घातला आणि शेवटी त्याचंच ऐकलं. यंदा आखूड नळी, हलकी भरती. मचाणावरूनच मारायचं, पंधरा पावलांच्या आत. लांब नळीसाठी टेकू करून देईन, पुढच्या हंगामाला. तिच्या जड भरतीची चाचणी मात्र आत्ताच करून ठेवतो.

९ ऑक्टोबर, रविवार

सरोज म्हणते, अहो, डोळे दाखवून या. म्हटलं, डोळ्यांना काही झालेलं नाही, बल्ब बदलायचाय.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

बारा काडतुसं भरली. सात हलकी, पाच जड. प्रत्येक भरती काट्यावर तोलून. काट्याची सुई मध्येच दोन दिसते, डोळे मिटून उघडले की एक होते. दिवसभर टेबलावर वाकलं की होणारच.

जड काडतुसांच्या बुडाला ओल्या कुंकवाचं एक बोट लावलं. वडिलांची पद्धत. ते रंग वापरत नसत. रंग ठिणगी देणाऱ्या टोपीच्या फटीत उतरतो, कुंकू पुसता येतं. तीस वर्षं मीही तेच करतो. तीस वर्षांत माझं एक काडतूस चुकलेलं नाही. हे लिहायला लाज कसली? खरं ते खरं.

नळी ज्याने बसवली त्याने पहिला बार स्वतःच्या हातात धरून काढायचा, दोरी बांधून नाही. हाही वडिलांचाच नियम. मागच्या खोलीतल्या वाळूच्या पेटीत दोन बार काढले. डावा हात खिशात घालून — महिपतला कसं वाटेल ते कळावं म्हणून. लांब नळीतून जड, आखूडमधून हलकं. हलक्याचाही झटका पार कोपरापर्यंत आला. वय झालं!

नळी भिंगाखाली पाहिली. ठीक.

उरली दहा. सहा साधी, चार कुंकवाची.

१९ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळपासून टेंभी नाक्यावरच्या देवीचे भोंगे. दुकानात हत्यारांची पूजा. माझ्या टेबलाला हात लावायची सरोजला वर्षातून याच दिवशी परवानगी. हातोडी, कानशी, काटा, पिस्तूल, सगळं पाटावर मांडलं. झेंडूची माळ मोठी झाली, काट्याला दोन वेढे बसले. छान दिसत होतं. तिला तसं म्हणायचं राहून गेलं.

२० ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी महिपत आला. सोनं दिलं, पाया पडला. एसटी गाठायची म्हणून दारातच उभा. आखूड नळी लावलेलं पिस्तूल दिलं, डाव्या ओळीतली सहा काडतुसं मोजून दिली. साधी डावीकडे, जड उजवीकडे — माझी मांडणी ठरलेली. पूजेचं कुंकू होतं त्यावर. दसऱ्याला ते कोण पुसतं?

दुपारी जेवून टेबलाशी आलो. उरलेली चार काडतुसं. सगळ्यांना कुंकू. पण कोणतं माझं आणि कोणतं पूजेचं?

सरोजला हाक मारली. म्हणाली, "मी सगळ्यांना लावलं. पाटावर जागा होईना म्हणून उचलून एका ताटलीत ठेवली. मग परत दोन ओळी लावल्या, जशा होत्या तशा."

जशा होत्या तशा! चारही उघडली, दारू तोलली, वेगवेगळ्या पुड्यांत बांधली. दोन हलकी, दोन जड. म्हणजे दोन जड काडतुसं महिपतकडे गेली. त्या पातळ नळीत घालायला.

नको ते बोललो. "तुझ्या कुंकवाने माणूस मारशील!" म्हणालो. सणाच्या दिवशी. काडतुसांचा ट्रे पाटावर मीच ठेवला होता, तिने नाही. हे मला बोलताना आठवत होतं, तरी बोललो. ती आत गेली.

त्याच्या गावात फोन नाही. तिकडची शेवटची गाडी मिळणार नाही. उद्या पहिली.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

कल्याणहून पहिली एसटी. मुरबाड सोडल्यावर गाडी कुठेही थांबली की मनात यायचं, कुणी बातमी घेऊन चढतंय. महिपतचं घर दिसलं तेव्हा अंगणात माणसं नव्हती. गर्दी नाही हे पाहून बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं.

तो खळ्यावर होता. एका हाताने भाऱ्याची दोरी ओढत होता, दुसरं टोक दातांत. हात होता! मी तिथेच बांधावर बसलो.

"रात्री डुकरं आली व्हती," म्हणाला. "डबा बडवला. निम्मं वाफं गेलं."

"बार नाही काढलास?"

"आय काढू देईना."

त्याची आई भागीरथी दारात उभी होती. म्हणाली, "देवीचं कुंकू लागलेलं हाय त्याला. तसंच उडवायचं व्हय? आन पुसलं तर पाप कुणाचं? म्या देवापुढं ठेवलीत. पुनव झाली की घे म्हनलं."

सहाच्या सहा देव्हाऱ्यात, तांदळावर. मला रडू आलं. म्हातारीला वाटलं, देवीच्या भक्तीने. तिने मला गुळ-पाणी दिलं.

काडतुसं परत घेतली, पिस्तूलही. महिपतला सगळं खरं सांगितलं — सरोजने कुंकू लावलं, त्यामुळे गोंधळ झाला. तो म्हणाला, "वहिनीला कायबी बोलू नका."

उशीर झालेला. बोलून बसलो होतो.

२२ ऑक्टोबर, शनिवार

त्याची सहा उघडली, दारू तोलून पुड्या बांधल्या. चार हलकी, दोन जड. परवाची दोन आणि ही दोन, एकूण चार. जुळलं! जीव भांड्यात पडला.

सरोज चहा घेऊन आली. टेबलाला हात न लावता, लांबूनच पुड्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "ही हलकी म्हणताय ती शेजारच्या जड पुडीएवढीच फुगलीय की."

काहीतरी बोलणार होतो. उठून तिला खुर्ची दिली. म्हटलं, सुई तू वाच.

तिने दहाही पुड्या तोलल्या. जड चार नाहीत. सात.

म्हणजे चूक तेराव्या तारखेचीच, भरतानाची. कुंकू लागलं नसतं तर मी ही उघडलीच नसती. निवांत मनाने त्याच्या हातात दिली असती.

मग आखूड नळी आणि भिंग तिच्याकडे दिलं. तेराला त्या नळीतून मी एक 'हलका' बार काढला होता. तिने उजेडाकडे धरून पाहिलं.

"अहो, इथे केस चिकटलाय."

पदराने पुसला. पुन्हा पुसला. निघाला नाही. मी त्यावरून नख फिरवलं, ते अडकलं.