हरकत घेणारी बाई कोण

बाबा, तुमाले जाऊन लय वर्षं झाली, पण कोराडी रोडचं वावर अजून तुमच्याच नावावर आहे हे मले ठाऊक नव्हतं. काका वाहते, काका खाते, मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. मागच्या हप्त्यात गावची मावशी आली अन् म्हणे, "अवं, चावडीवर कागद लागला. तुझ्या बापाचं नाव काढून तुझा काका आपलं चढवून राहिला. मंग सीताबर्डीच्या एका सेठले विकणार म्हणते." घरचे म्हणाले, "आपल्याले दोन लेकरं आहेत. तू बापाची एकुलती एक. हरकत घे, मुदत नको जाऊ देऊ." एवढं बोलून ते ड्युटीवर गेले. मी मोठीले शेजारी ठेवलं, तान्ह्याले कडेवर घेतलं अन् बस धरली. काकाच्या समोर मी कधी बाजेवर बसली नाही, अन् आता त्याच्या विरोधात बोलाचं होतं.

कचेरीत काका बाकावर बसून आहे, माझ्याकडं पाहातच नाही. मी साहेबासमोर उभी राहिली, म्हटलं, हे वावर माझ्या बाबाचं, माझी हरकत आहे. साहेब वाईट नव्हता, थकेल दिसे. म्हणे, "बाई, ज्याचा हक्क असन त्यालेच हरकत घेता येते. येणाऱ्या-जाणाऱ्याची लिहीत बसलो तर मी घरी कधी जाऊ? तुमी कोण?" पोरगी म्हटलं. नाव सांगितलं. त्यानं कागद पाह्यला अन् मान हलवली. गावातून पोरीचं नाव दुसरंच लिहून आलं होतं, माहेरचं. मी म्हटलं, साहेब, लग्नात तांदळावर अंगठीनं नाव लिहून बदलते नं, साऱ्याच बायकांचं बदलते. तो म्हणे, "माझ्या बायकोचंबी बदललं. पण ते माझ्या सासऱ्याच्या वावरासाठी इथं येऊन नाही राहिली. शाळेचा दाखला आहे?" शाळा कुठली बाबा. अक्षरं मी सासरी नणंदेजवळ शिकली, लिहिता येते तेही नवंच नाव. जुनं कधी लिहिलंच नाही. मंग त्यानं काकाले विचारलं, "हे तुमची पुतणी का?" काका खाली पाहून म्हणे, "भावाची एक पोरगी होती. आता कुठं असते, मले माहीत नाही."

तान्हं रडाले लागलं, त्यानं डोकं मागं टाकलं. मी दाराकडं वळली तं लुगड्यात पाय अडकला, अन् मागून काका ओरडला, माहेरचं नाव घेऊन, "लेकराले धर वं, पडशीन!" मी म्हटलं, "हो काका."

साहेबानं चष्मा काढला. "आता माहीत पडलं वाटते, कुठं असते ते," म्हणे. अन् बाबूले सांगितलं, "घे बाईची हरकत. दोन्ही नावं लिही."

बाहेर काका निमाखाली उभा होता. "तुले साडीचोळी मी केली," म्हणे, "आता माहेर विसर." मी तान्ह्याले दुसऱ्या कडेवर घेतलं अन् बसकडं निघाली. आता तारखा पडतीन, दर वेळी लेकराले घेऊन जावं लागन, अन् काकीनं गावात काय काय सांगितलं असन त्याचं भेव वाटते. हरकत मी मागं घेणार नाही. मोठीच्या पायात चप्पल नाही बाबा. पण तुमी लग्नानंतर मले त्या नावानं हाक मारणं बंद केलं होतं, जावयाले राग येईन म्हणून. माय तं आधीच गेली. त्या नावानं हाक मारणारा एकटा काकाच उरला होता.

हा तुमाले लिहिलेला कागद कुठं टाकाचा, सकाळी चुलीत जाईन. घरच्यायले म्हटलं, काम झालं. काकानं त्या नावानं हाक मारली तेव्हा मले बरं वाटलं, हे नाही सांगितलं.