आडवी डोलकाठी आणि मोरपंखी साडी

आदरणीय गुरुनाथरावांना,

टोनावांडाहून (बफेलोच्या शेजारचं गाव; नकाशात शोधत बसू नका, डोळे दुखतील) आपला मेहुणा एकनाथ याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण होडीत तेवढी सरळ जागा नाही, तेव्हा बसल्या जागी केलेला गोड मानून घ्यावा. आपला गुडघा कसा आहे? वहिनी अजून आपल्या चहात साखर घालत नाहीत ना? नसाव्यात, अशी आशा आहे. आम्ही इकडे सुखरूप आहोत. 'आम्ही' म्हणजे सध्या मी एकटाच, पण ते पुढे येईल. व्हॉट्सॲप असताना हाताने पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. त्यालाही कारण आहे आणि तेही पुढेच येईल. आधी हकिकत ऐका, कारण ती ऐकण्यासारखी आहे.

मी शिडाची होडी घेतली तेव्हा आपण सांगलीहून फोनवर म्हणाला होतात की रिटायर झालेली माणसं कुंड्यांना पाणी घालतात. अहो, मी डेट्रॉइटच्या शेजारी ट्रॉयमध्ये आयुष्यभर मोटारींच्या ब्रेकची डिझाइनं केली. थांबवण्याचं काम पुष्कळ झालं, आता जरा चालवावं म्हटलं. बेत असा, की डेट्रॉइटजवळच्या तळ्यातून निघायचं, मोठ्या लेकमधून बफेलोला यायचं, तिथून ईरी कॅनॉलमधून हडसन नदीत उतरायचं. खाली नदीच्या काठावर आमची नीना आणि नात आन्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून येऊन उभ्या राहणार, आणि आजी-आजोबा होडीतून हात हलवत येणार. आन्याने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता गंमत अशी की कॅनॉलवरचे पूल आहेत ठेंगणे आणि आमची डोलकाठी आहे उंच. म्हणून इथे क्रेन लावून ती उतरवायची, होडीवर आडवी घालून बांधायची आणि तशीच हडसनपर्यंत न्यायची. पुढून-मागून ती होडीच्या बाहेर डोकावते.

लोक हे काम पैसे देऊन करून घेतात. मी स्वतः केलं. डोलकाठी टेकवायला लाकडी घोडे मी माझ्या हातांनी बनवले (शेजारच्या होडीवाल्याने त्यांचे फोटो काढून नेले, का ते मी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर आदर होता). तारा सोडल्या की कुठली कुठली हे कळत नाही, म्हणून प्रत्येक तारेला घरातल्या माणसाचं नाव दिलं आणि चिठ्ठ्या लावल्या. मागून डोलकाठी खेचून धरणारी सगळ्यात जाड तार म्हणजे 'गुरुनाथ'. खरंच सांगतो, दुसरं नाव डोक्यातच आलं नाही. पुढची तार 'अहिल्या'. ती सुटली तर सगळा डोलारा मागे कोसळतो. आणि गाठींबद्दल तर बोलायलाच नको. माझी गाठ सुटत नाही. गाठी मारायला मी यूट्यूबवर शिकलो आणि अहिल्याला मीच शिकवल्या, हे आपल्या माहितीसाठी.

तर क्रेनने डोलकाठी अलगद धक्क्यावर उतरवली. ऊन रणरणत होतं. ॲल्युमिनियमला चरे पडू नयेत म्हणून मी ती घरून आणलेल्या पांढऱ्या चादरींत नीट गुंडाळली आणि वरून काथ्याची दोरी आवळली. एवढं मोठं काम पूजेशिवाय कसं करायचं, म्हणून हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला. मग शेजारच्या होड्यांवरच्या चार जणांना हाक मारली. भली माणसं. चौघांनी खांदा दिला, त्यातल्या एकाने उकडतंय म्हणून टोपी काढून हातात धरली. अहिल्याच्या तुळशीचं मातीचं मडकं वाटेत होतं, ते कुणाच्या पायात येऊ नये म्हणून मी हातात घेतलं आणि रस्ता दाखवायला सगळ्यांच्या पुढे, सावकाश चालू लागलो. दूध आणि ब्रेड घेऊन अहिल्या दुकानातून परतली ती नेमकी त्याच क्षणी.

गुरुनाथराव, आपल्या बहिणीचा चेहरा मी आजवर अनेक प्रकारे पाहिला आहे, पण असा पाहिला नव्हता. तिच्या हातातलं दूध पडलं. मी सांगत होतो की अगं, डोलकाठी आहे ती, ॲल्युमिनियमची आहे. ती म्हणाली, "मला दिसतंय काय आहे ते. ज्या होडीवर तुम्ही हे बांधून ठेवलंय तिच्यात मी पाय ठेवणार नाही." आणि बॅग भरून नीनाकडे निघून गेली. त्या चौघांना काही कळलं नाही. ते डोलकाठी घोड्यांवर ठेवून, बिअर पिऊन गेले.

मी इंजिनिअर माणूस, चूक दिसली की दुरुस्त करतो. केबिनमध्ये अहिल्याची जुन्या साड्यांची पिशवी होती. पांढऱ्या चादरी काढल्या आणि त्या साड्या गुंडाळल्या: लाल, पिवळी, जांभळी, हिरवी. आता होडी अशी दिसते की तिच्याजवळून जाणारा प्रत्येक जण हात करतो. धक्क्यावर एवढी देखणी होडी दुसरी नाही, हे मी म्हणतो असं नाही, सगळेच म्हणतात. फोटो काढून मी अहिल्याला पाठवले. उत्तर आलेलं नाही.

खरं सांगायचं तर एकट्याने पुढे जाता येत नाही. कॅनॉलमध्ये लॉक असतात, म्हणजे पाण्याच्या लिफ्टच. पाणी उतरतं तेव्हा एकाने पुढचा दोर धरायचा आणि एकाने मागचा. मला दोनच हात आहेत. त्यातून होडी चालवायला माझ्यापेक्षा तीच बरी आहे (हे पत्र तिला दाखवू नका). संध्याकाळी चहा एकट्याचाच करतो आणि तो प्रत्येक वेळी जास्त होतो. मला तिची फार आठवण येते. बाकी सगळं उत्तम आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
एकनाथ

ता. क. मूळ मुद्दा राहिला. त्या पिशवीत सगळ्या जुन्याच साड्या असतील असं मी धरून चाललो होतो. नीनाच्या लग्नात मामा म्हणून आपण अहिल्याला दिलेली मोरपंखी इरकलही तिच्यातच निघाली, आणि ते मला कळलं तोवर तिला डोलकाठीचं काळं ग्रीस लागलं होतं. ते निघत नाही. मी सगळं करून पाहिलं. फोटोही तेवढा भाग सोडून काढले. तरी तशीच साडी, तोच काठ, तोच पदर, बघून आपला शंतनू इकडे अमेरिकेत येईल तेव्हा त्याच्या बॅगेत घालून पाठवाल का? फॅमिली ग्रुपवर अहिल्या आहे, म्हणून हे पत्र. तिच्या माहेरची वस्तू मी खराब केली हे तिला कळलं, तर ती कायमची पार्सिपनीला राहील.

ता. क. दुसरा. पाकिटाला गोंद लावणार तोच नीनाची गाडी धक्क्यावर आली आणि अहिल्या उतरली. मी ती साडी झाकून उभा राहिलो, पण काही उपयोग झाला नाही. तिने पाहिली, मीही सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली की ती साडी तिनेच गोधडीसाठी त्या पिशवीत टाकली होती. तो रंग तिला कधीच आवडला नव्हता, दादाने दिली म्हणून इतकी वर्षं जपली. (हे वहिनींना कळता कामा नये. आपल्यालाही कळवणार नव्हतो, पण एवढं चांगलं पत्र फाडवेना.) तेव्हा साडी पाठवू नका.

मग परत कशी आलीस, विचारलं. म्हणाली, फोटोतल्या गाठी बघून झोप लागेना. आता होडीवर बसून ती एकेक गाठ सोडून पुन्हा बांधते आहे. सकाळी निघतोय, पुढचा दोर तिच्याकडे. माझी एकही गाठ तिने ठेवली नाही, तेवढं मात्र सांगलीत कुणाला सांगू नका.