तुमच्या बंदुकीला मी नको म्हणणार आहे

अहो,

मायना काय लिहायचा, त्यातच बराच वेळ गेला. तुमच्या हयातीत तुम्हाला एकच पत्र लिहिलं होतं, दत्तूच्या बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा. त्याला तुम्ही उत्तर लिहिलं नाहीत, गाडी जुंपून स्वतःच आलात. आता तशी सोय नाही. तरी लिहिते, कारण उद्या सकाळच्या एसटीनं मला आणि दत्तूला सोलापूरला जायचंय. तुम्ही गेलात तशी बंदूक ठाण्यात जमा झाली. ती आता कुणाच्या नावावर करायची, की नकोच, असं तिथल्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलंय. दत्तू म्हणतो, माझ्या नावावर करू. मी काय सांगणार ते त्याला अजून बोलले नाही. आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं.

बंदूक घरात आली ती माझ्यापायी, हे गावात कुणाला खरं वाटत नाही. लोकांना वाटतं रानडुकरांपायी. परवान्यावरसुद्धा पिकाच्या राखणीसाठी असंच होतं. पण तुम्ही ज्वारी घेऊन सोलापूरच्या आडतीला गेलात की मुक्काम पडायचा, आणि मंद्रूप गावापासून लांब ह्या वस्तीवर मी, तान्हा दत्तू आणि तुमची आई, अव्वा. अव्वांच्या कानाशी ढोल बडवला तरी ऐकू यायचं नाही. एकदा दारातनं शेळ्या नेल्या चोरांनी. मी आतून कडी धरून उभी, आणि अव्वा खुशाल घोरतायत. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, शेळ्यांचं चकार शब्दानं विचारलं नाहीत, नुसते माझ्या हातावरचे कडीचे वळ बघत बसलात. मग परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लागलात.

मला विचारलंत का एकदा तरी? चोरांची भीती वाटायची हे खरं. पण बंदुकीची त्याहून जास्त वाटायची. वर खुंटीला ती लटकलेली आणि खाली पोर रांगतंय. काडतुसं तुम्ही उतरंडीच्या तळाच्या गाडग्यात ठेवायचात, तरी माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. तुमचा मात्र तिच्यावर केवढा जीव! खंडेनवमीला नांगर, कुळव, विळे, खुरपी धुऊन मांडायची आणि मधोमध ही बाई. झेंडूचा हारसुद्धा तिचाच मोठा. मी म्हणायचे, सवत आणलीत की घरात. तुम्ही हसायचात. ‘‘सवत न्हाय गं, तुजी राखणदारीण हाय ती.’’

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी नवमीला तुम्ही सोलापुरातच अडकलात. पूजा मी केली. बंदुकीला लावायची शिवणयंत्राच्या तेलाची कुपी तुम्ही कुठं ठेवली होतीत देव जाणे. म्हटलं, ज्या करडईच्या तेलाचा दिवा देवापुढं लागतो, ते बंदुकीला का चालू नये? चांगलं सढळ हातानं चोपडलं, सांध्यात, घोड्यात, जिथं जाईल तिथं. तेलातुपाला मी कधी हात आखडता घेतला नाही, तुम्हाला माहीत आहे की. करडईचं तेल वाळलं की डिंकासारखं धरतं, हे तव्याच्या काठाला रोज बघत होते. पण तवा वेगळा आणि बंदूक वेगळी, असं वाटलं.

मग ज्वारी हुरड्यावर आली. डुकरांनी बांधाकडची पट्टी पार लोळवली होती, तुमचं डोकं फिरलं होतं. त्या सकाळी धुकं होतं. ज्वारीत काहीतरी काळं हललं. तुम्ही हाळी दिलीत, ‘‘कोण हाय रं तितं?’’ उत्तर नाही. तुम्ही बंदूक आणि काडतूस घेऊन पळालात, मागनं मी शेणाची पाटी तशीच हातात घेऊन. रोख धरलात, काडतूस भरायला नळी सांध्यात वाकवून उघडायला गेलात, तर उघडेना. गुडघ्यावर आपटलीत, शिवी घातलीत, तरी हलेना. तेवढ्यात ते काळं उभं राहिलं. डोक्यावरनं घोंगडं घेतलेल्या अव्वा. ओट्यात खुडलेली पाथरीची भाजी.

त्यांनी तुमच्याकडं बघितलं, बंदुकीकडं बघितलं आणि हसून म्हणाल्या, ‘‘काय रं लेकरा, डुक्कर घावलं का न्हाय?’’ आणि भाकरीला उशीर झाला म्हणत घराकडं चालायला लागल्या.

तुम्ही मटकन बांधावर बसलात. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणालात, ‘‘तिला कळलं न्हाय. तिला कदी सांगू नगंस.’’

काडतुसं त्याच दिवशी विहिरीत गेली. बंदूक मात्र खुंटीवरच. परवानाही तुम्ही दर वेळी नवा करून आणायचात. रिकामी कशाला बाळगता, म्हणून विचारलं तर म्हणालात, ‘‘रिकामी हाय हे आपल्या दोगांस्नीच ठावं. गावाला न्हाय. तू एकटी असतीस हितं.’’ त्यानंतर अव्वांना पहिली भाकरी तुम्ही स्वतः वाढायचात, पण वाढताना खाली बघून. त्यांच्या डोळ्याला डोळा कधी दिला नाहीत. मला ते बघवायचं नाही.

आता ऐका. अव्वांना कळलं होतं.

शेवटच्या दुखण्यात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही औषधाला मंद्रूपला गेला होतात. आपणहून म्हणाल्या, ‘‘कस्तुरे, नळी माज्याकडं व्हती तवाच मला उमगलं. त्याचं त्वांड बघितलं आन् वाटलं, मी वाचले, पर ह्यो मेला. म्हणून डुकराचं बोलले. बहिरी हाय मी, आंदळी न्हाय.’’ मग माझा हात दाबून म्हणाल्या, ‘‘मला ठावं हाय हे त्याला सांगू नगं. त्याला जगू दे.’’

तुम्ही म्हणालात, तिला सांगू नको. त्या म्हणाल्या, त्याला सांगू नको. मायलेकांनी एकमेकांना जपायचं आणि सुनेनं तोंड शिवून बसायचं, चांगला न्याय आहे तुमच्या घरचा. आता दोघंही तिकडं आहात. एव्हाना बोलला असाल तर बरंच झालं. नसाल, तर जा आणि त्यांच्यासमोर बसा. खाली बघू नका. त्या तुमच्यावर एक दिवससुद्धा रागावल्या नव्हत्या हो.

दत्तूला ह्यातलं काही ठाऊक नाही. तो म्हणतो, ‘‘आई, एक तर बंदूक पुन्यांदा खुंटीला लागू दे, न्हाय तर तू माज्याकडं सोलापूरला चल.’’ त्याचंही चुकत नाही. तुमच्यासारखाच जीव आहे त्याचा माझ्यावर. कुत्रं भुंकलं की मीही उठून दाराची कडी चाचपते, खोटं कशाला बोलू? पण दत्तू गिरणीत फिटर आहे. कोणत्या यंत्राला कोणतं तेल लागतं ते त्याला झोपेतही सांगता येतं. त्याच्या हातातली बंदूक कधी अडायची नाही. तुम्हाला तरी माझ्या अडाणीपणानं वाचवलं. त्याला कोण वाचवणार?

म्हणून उद्या मी साहेबांना नको म्हणून सांगणार. दत्तूला एसटीतच सगळं सांगीन, अव्वांचंसुद्धा. चिडेल, मग ऐकेल. वस्ती मी सोडणार नाही. पलीकडच्या वस्तीवर मालन आहे, हाक मारली की येते ती.

आणि तुम्हाला शब्द देते. रानात काळं काही हललं, तर मी आधी जवळ जाईन, कोण आहे ते बघीन. डुक्कर असलं तर खाईल चार कणसं.

तुमची,
कस्तुरा