कचऱ्याच्या गाडीची तिसरी घंटा

मेक्सिको शहर, गुरुवार

आदरणीय एदुविहेसताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या निकानोरचा नमस्कार. दमा कसा आहे? निलगिरीची वाफ घेतेस ना? कोंबड्यांमागे धावू नकोस, त्या भूक लागली की आपल्या आपण येतात. इकडे आंपारो मजेत आहे. माझी लेक म्हणून सांगत नाही, पण पोरगी माझं फार करते (घेवड्यात मीठ घालायला विसरते, ते आईवर गेलं आहे).

पाद्रीबाबांनी ईस्टरला चर्चच्या मनोऱ्यावर घंटेची टेप वाजवणारा कर्णा बसवला आणि एक्केचाळीस वर्षं मी ओढलेल्या दोराला सुट्टी दिली, तेव्हा मी काय तोंडानं गाव सोडलं ते तू पाहिलंसच. लेकीकडे जाऊन घंटेचं नावही काढायचं नाही असं ठरवून निघालो होतो. तर पहिल्याच सकाळी खिडकीखाली हातघंटा! आपल्या ग्वातेमालात अशी घाईची घंटा एकाच कामाला वाजते: कुणी अखेरच्या घटका मोजत असेल आणि पाद्रीबाबा प्रसाद घेऊन निघाले असतील तेव्हा. मी टोपी काढली, चार जिने उतरलो आणि फुटपाथवर गुडघे टेकले. बघतो तर दारादारांतून बायका सपाता फटफटवत, पुरुष अर्धी दाढी करून धावत येतायत, आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. म्हटलं, काय ही भक्ती! मरणाऱ्याच्या घरी शिधा नेतायत. एवढ्यात कोपऱ्यावरून कचऱ्याची गाडी वळली. खालच्या मजल्यावरची ओबदुलियाबाई मला म्हणाली, "आजोबा, तुमचा कचरा कुठंय? की तुम्हीच चढताय?"

ताई, हसू नकोस (हसलीस, माहीत आहे). मला लाजेपेक्षा हेवा जास्त वाटला. मी जन्मभर देवासाठी दोर ओढला तेव्हा तीन म्हाताऱ्या यायच्या, त्यातली एक तू, तीही उशिरा. इथं कचऱ्यासाठी अख्खी गल्ली! आणि गाडीपुढे चालणारा तो फिलेमोन वाजवतो कसा, तर तव्यावर उलथनं आपटल्यासारखा. आठवडाभर सोसलं, मग सांगितलंच, बाबा रे, मनगट नको, कोपरातून वाजव. त्यानं रागवायचं की नाही? घंटाच माझ्या हातात दिली. "घ्या मास्तर, उद्या तुम्हीच वाजवा. माझा हात तरी विसावेल."

दुसऱ्या दिवशी मी मिस्सेच्या प्रार्थनेला बोलावतात त्या रीतीनं वाजवली: अर्धा तास आधी पहिली, पाव तास आधी दुसरी. हाताला तेवढंच ठाऊक. पहिल्याच घंटेला सगळी गल्ली खाली, आणि गाडीचा पत्ता नाही. भर उन्हात, पिशवीत कालच्या माशांची डोकी. ओबदुलियाबाईनं माझा जो उद्धार केला तो कागदावर उतरवण्यासारखा नाही. पण नुसतं उभं राहून माणसं करणार काय? बोलायला लागली. आंपारोला समोरच्या दारातल्या बाईचं नाव सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. शेवटी ओबदुलियाबाईच वर जाऊन सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आली, पहिला पेला मला. तिसऱ्या घंटेला गाडी आली तर निम्मे लोक पिशवी द्यायलाच विसरले. आता गुरुवारच्या तिन्ही घंटा माझ्या, असं गल्लीनंच ठरवलंय. कामातून गेलेल्या परक्या माणसाच्या हातात यांनी घंटा दिली, ताई. हे उपकार मी विसरायचा नाही.

तुझा,
निकानोर

ता.क. आंपारो म्हणते कायमचे राहा. मी इथं अगदी खूश आहे असं गावात सगळ्यांना सांग. पाद्रीबाबांना जरा मोठ्यानं सांग.

ता.क. दुसरा. आता खरं काम. पाद्रीबाबांना विचार, मिस्सा, सण, लग्नं सगळं त्या कर्ण्यानं खुशाल वाजवावं, फक्त मयताची घंटा मला द्यावी. दोर कापू नका म्हणावं. हो म्हणाले तर मिळेल त्या बसनं निघतो. फिलेमोनचा हात आता बरा बसलाय.

ता.क. तिसरा. आईची घंटा मी वाजवली, दाजींची मी वाजवली. तुला काही मी त्या कर्ण्याच्या हवाली करणार नाही. तेव्हा रोज वाफ घे, आणि मी पोचेपर्यंत मरू नकोस.