वेक आजारी नव्हता

३ जून
नवं गाव, नवी नोकरी, नवा पलंग. त्रेपन्नाव्या वर्षी का होईना, नशिबाला माझा पत्ता सापडला म्हणायचा. विनिपेगची आमची चिमुकली विमान कंपनी बुडाली तेव्हापासून मी घरी बसून शेजाऱ्यांच्या कुत्र्यांची नावं पाठ करत होतो. आता व्हँकूवरच्या बड्या कंपनीत, वैमानिकांच्या ड्यूट्या लावणाऱ्या खात्याचा उपप्रमुख. राहायला स्टीव्हस्टनला, कॅप्टन आयव्हर टोल्मीच्या घराच्या तळघरात. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. माणसांविषयी मत बनवायला तेवढं पुरतं.

आयव्हर आमच्याच कंपनीत, लांब पल्ल्याच्या विमानांवर. त्याच्या बायकोने, मर्लने, दारातच रुबार्ब घालून भाजलेला गोड पाई हातात ठेवला आणि बजावलं की रेडिओ हळू, दार हळू, कारण आयव्हर दिवसा झोपतो, म्हणजे झोपायचा प्रयत्न करतो. आयव्हरचं म्हणणं, ड्यूट्या लावणारा माणूस घरातच ठेवला की शिव्या द्यायला फोन करावा लागत नाही. मी त्याला म्हटलं, जिना उतरायच्या आधी फक्त खाकरत जा. मजेचा माणूस आहे. पाई उत्तम होता.

७ जून
माझ्या साहेबीणबाई ब्रिजिट कॉर्कोरन. बाईंना हसताना कुणी पाहिलेलं नाही. मी आज पाहिलं, त्याची ही नोंद.

प्रश्न सिंगापूरच्या विमानाचा. भर दुपारी निघतं, सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जातं, आणि पोचेपर्यंत सूर्य काही मावळत नाही. इतक्या लांब उड्डाणाला नियमाने चार वैमानिक लागतात. दोघे चालवतात, दोघे मागच्या बंकमध्ये झोपतात, मग अदलाबदल. आमच्याकडे चार पुरत नाहीत. गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांच्या जागा भरायचं कुणाला सुचलंच नाही. तीन वैमानिकांत सगळा महिना कसा बसेल ते बाईंना बघायचं होतं. पण चौथी जागा रिकामी ठेवली की कॉम्प्युटर लालेलाल होतो, पुढे सरकतच नाही.

मी तिथे एक खोटं नाव घातलं. ए. वेक. सलग वाचलं की इंग्रजीत ‘अवेक’, म्हणजे न झोपलेला, जागा. कॉम्प्युटर हिरवागार. बाईंनी नाव वाचलं आणि हसल्या. म्हणाल्या, गार्नेट, तुला आम्ही फार उशिरा घेतला. दिवसभर मी स्वतःवर खूश होतो.

१२ जून
महिन्याचं वेळापत्रक जाहीर झालं. वेक त्यात आहे.

मी धावत बाईंकडे गेलो. त्या शांत. तात्पुरतं आहे म्हणाल्या. करायचं एवढंच: विमान निघायच्या थोडं आधी वेकला आजारी दाखवायचं. बदली माणूस नाही. प्रवासी बसलेले. मग कॅप्टनला विचारायचं, तिघांत नेशील का? आयत्या वेळी अनपेक्षित काही घडलं तर कॅप्टनला तशी मुभा असते. मी म्हटलं, पण हे अनपेक्षित आपण महिनाभर आधी ठरवलंय. त्यावर बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं की विनिपेगला घर अजून आहे ना.

वेकला आजारी पाडायचं काम माझ्याकडे आहे.

१९ जून
वेक पुन्हा आजारी. एव्हाना त्याने मरायला हवं होतं.

दुपारी जोसलिन नावाची तरुण को-पायलट टेबलाशी आली. तिने एक शुभेच्छापत्र आणलं होतं, लवकर बरा हो, वर मांजराचं चित्र, खाली सगळ्या वैमानिकांच्या सह्या. म्हणाली, पत्ता कुणालाच माहीत नाही, तुम्ही पोचवाल का? बिचारा एकटाच राहत असेल. मी पोचवतो म्हटलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आधीच्या खेपेला वेकची पाळीही तिनेच ओढली होती.

पत्र खणात टाकलं. खण नीट बंद होत नाही.

२४ जून
रविवार. आयव्हरने अंगणात सॅमन मासा भाजला. मर्लने हसत हसत सांगितलं की नवरा झोपेतसुद्धा विमान चालवतो. वैमानिकांत रीत आहे. विमान एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर तोंडाने बोलावंच लागतं. एक म्हणतो, कंट्रोल तुझ्याकडे. दुसऱ्याने म्हणायचं, कंट्रोल माझ्याकडे. दोघे बोलले नाहीत तर दिलं असं धरत नाहीत. तर हा बिछान्यात हात पुढे करून ‘तुझ्याकडे’ म्हणतो आणि हात तसाच अधांतरी राहतो. मर्ल बिचारी ‘माझ्याकडे’ म्हणते तेव्हा कुठे खाली येतो. म्हणाली, लग्नाला तीस वर्षं झाली, गाडी कधी चालवू दिली नाही, विमान मात्र रोज देतो.

सगळे हसले. 

मग आयव्हरने विचारलं की हा वेक तू पाहिलायस का, त्याला होतं तरी काय. मी म्हटलं पोटाचं काहीतरी. आयव्हर म्हणाला, सिंगापूरचं वेळापत्रक पाठ असलेलं पोट पहिल्यांदाच ऐकतोय. पुढे जरा वेळाने, भट्टीतले कोळसे हलवत, हळू आवाजात: मागच्या खेपेला विमान आपणच उतरवलं असणार, कारण ते उतरलं. आपल्याला आठवत मात्र नाही. मी म्हटलं मग थकलोय म्हणून सांग ना. म्हणाला, सांगितलं होतं एकदा. बाईंनी चहाला बोलावलं. बिस्किटं नव्हती, दम होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आणखी एक तुकडा मागून घेतला.

२ जुलै
काल कॅनडा डे, म्हणून आज ऑफिसात लाल-पांढरा केक. बाईंचं भाषण, विषय सुरक्षितता. या गडबडीत वेकला आजारी दाखवायचं राहिलं. घरी येताना बसमध्ये आठवलं, तेव्हा आयव्हरचं विमान कधीच निघालेलं.

कुणाचा फोन नाही. कॅप्टनला परवानगी विचारलीच नाही, तरी गेलं. तिघेच गेले असणार. निभावलं एकदाचं.

५ जुलै
आयव्हर परतला. शीळ घालत. गेल्या महिन्याभरात त्याचा चेहरा असा धुतल्यासारखा पाहिला नव्हता. जिन्यातूनच ओरडला की तुझा वेक आला शेवटी. उगीच नावं ठेवली, देवमाणूस आहे.

मी हसलो. तो हसला नाही.

दिसतो कसा म्हणून विचारलं.  आयव्हर म्हणाला, कॉकपिटमधल्या मागच्या जादा आसनावर बसला होता, सूर्य सगळा वेळ तोंडावर, चेहरा काही नीट दिसला नाही. आवाज मात्र फार चांगला. ‘कंट्रोल माझ्याकडे’ असं म्हणतो की माणसाला बसल्या जागी झोप लागते.

६ जुलै
जोसलिनला विचारलं. तिसरा होता पेट्री, त्यालाही. दोघांचं तेच. गाढ झोपलो. वेक होता ना.

म्हणजे तिघे एकाच वेळी झोपले होते.

वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर जमिनीवरून रेडिओने विचारतात. प्रत्येकाला उत्तर गेलं आहे. बराच वेळ कुणी कशाला हात लावला नाही तर विमान स्वतःच कर्कश वाजतं. ते वाजलं नाही. कुणीतरी हात लावत होतं.

८ जुलै
बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तक्रार कुणाची आहे?

तक्रार कुणाचीच नव्हती.

वेकचं नाव पुसलं. कॉम्प्युटर लाल. जेवून येईपर्यंत हिरवा. बाई म्हणतात, मी हात लावलेला नाही. आणि त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

१० जुलै
परवाच्या उड्डाणासाठी वेकला आजारी दाखवलं. तीनदा. तिन्ही वेळा पुन्हा ठणठणीत. कारणापुढे लिहून येतं: वैमानिकाने स्वतः फोन करून कळवलं.

फोन घेणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, हो, किती गोड बोलतात. पोट आता बरं आहे म्हणाले. तुमची चौकशी करत होते, तुम्ही झोपत नाही म्हणून.

खरं आहे. पाच तारखेपासून झोपलो नाही.

११ जुलै
आयव्हरला सांगितलं. जिन्यात, एका दमात. वेक नाही. मी केला. तुमची झोप मी खाल्ली, तुला खोटं बोललो, तुझ्याच ताटात जेवून. उद्या जाऊ नकोस.

तो पायरीवर बसला. शिव्या देईल असं वाटलं. शिव्या हव्या होत्या. त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणाला, गार्नेट, लेका, तू दमलायस. तू केलास तर चांगलाच केलास, महिन्याभरात पहिल्यांदा मी झोपलो. विश्वास नसेल तर चल उद्या. मागच्या आसनावर बस आणि बघ.

मागचं आसन एकच आहे. त्यावर मी बसलो तर वेकला जागा उरत नाही.

जातो.

१२ जुलै, विमानात
मी मागे. पुढे आयव्हर आणि जोसलिन. पेट्री बंकमध्ये. वेक नाही. दार आतून बंद. खाली अलास्काचं बर्फ. जोसलिनने सँडविच दिलं, मांजराचं पत्र वेकला मिळालं का विचारलं. मी हो म्हटलं. अजूनही हो म्हटलं.

नंतर
सूर्य समोर. हलतच नाही. डोळ्यांत वाळू. लिहितोय म्हणजे जागा राहीन.

नंतर
आयव्हरने मागे न बघता हात उचलला. कंट्रोल तुझ्याकडे. जोसलिनला म्हणाला असेल. पण तिची मान कलली होती. हात अधांतरी.

उत्तर आलं. माझ्या मागून. माझ्या मागे फक्त दार आहे.

हात खाली आला.

नंतर
हलवलं. ओरडलो. जोसलिनच्या गालावर मारलं. आयव्हर झोपेत हसतोय. पेट्री उठत नाही. पुढची बटणं एकेक दाबली जातायत — कुणी हात — मी मागे बघत नाही —

रेडिओवर कुणी विचारलं. त्याने उत्तर दिलं. किती सभ्य.

नंतर
आता माझ्याशी बोलतोय. म्हणतो, आठवडाभर तू एकटाच जागा आहेस. तुझं कंट्रोल पण दे.

माझ्याकडे कुठे आहे, म्हटलं. मी साधा ड्यूट्या लावणारा.

म्हणतो, सगळा वेळ तुझ्याकडेच होतं.

खरं — खरं आहे —

उत्तर द्यायचं नाही. दोघे बोलले तरच. मी बोललो नाही तर त्याला — मागे तीनशेच्या वर माणसं, मुलं, खिडक्यांचे पडदे ओढून — मी बोललो नाही तर —

रागावत नाही तो. वाट बघतो. पुन्हा विचारतो. इतक्या मायेने कुणी —

नाही. जागा आहे. जागा. ए. वे

फक्त डोळे मिट म्हणतो, पेन नको सोडूस हवं तर — मी नाही — ऊन किती छान लागतंय — बरं, बाबा, तुझ्याक