सुगतची गोळी आन बिनसणाचा मुराळी

सगळ्यात आधी आला सटवाजी, आपल्या बबिताचा मामा. सण न्हाई, वार न्हाई, आन मुराळी दारात! मागून तिची आई रेणुका, हातात रिकामी बॅग. म्या वळखलं, नातसुनेला न्यायलाच आलेत. (चांगुणा, जयभीम लिहायचा राहिलाच की. तुझे गुडघे कसे हायत? पत्र म्याच लिहायलेय, अक्षराला हसू नको. फोनवर बोलावं तर सारं घर कान देतंय, आन नातवाकडून लिहून घ्यावं तर गोष्ट त्याचीच.)

तर आपला सुगत. मागल्या वर्षी गप्पगप्प झाला, जेवण जाईना, शाळेत शिकवता शिकवता रडायचा. परभणीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पोरगं माणसात आलं. पण नवराबायकोच्या खोलीत सारं थंड. म्या समजले अशक्तपणा, आन डिंकाचे लाडू चालू केले. ते यानं शाळेतल्या मास्तरांना वाटले. (हेडमास्तर लय तरतरीत दिसायलेत म्हणं.) मग यानं कुणाला न सांगता गोळीच बंद केली. महिन्याच्या आत पुन्हा भिंतीकडं तोंड. तवा म्याच त्याला झरीहून परभणीला नेलं. डॉक्टरनं विचारलं, झोप लागते का? हा म्हणला, लागते. म्या म्हन्लं, साहेब, बायको शेजारी असून नुसती झोपच लागते, तीच पंचाईत हाय! गोळी डोक्याची, मग बिघाड खाली कसा? सुगतनं रुमालात तोंड घातलं. (मला खरंच लय नवल वाटायलं, एवढ्या लांब तारा गेल्यात कुठून?) डॉक्टर हसले न्हाईत. म्हणले, आजी, बऱ्याच पुरुषांना ह्या गोळीनं तसं होतं, सांगत कुणी न्हाई. आपल्या मनानं बंद करायची न्हाई, गोळी बदलता येते. तशी हळूहळू बदलली. आता फरक हाय म्हणं. (किती, ते विचारलं तर बबिता उठून आतच गेली.)

हे सारं म्या पाहुण्यांपुढं चहासंगट मांडलं. रेणुकानं पदर तोंडात धरला. सटवाजी म्हणला, "आजीबाई, वयाचं तरी भान ठेवा!" म्या म्हन्लं, "वय झालं म्हणून तर बोलायलेय. चहा प्या." तवर बबिता बाहेर आली. "मामा, हे आता हसायलेत, शाळेला जायलेत. बाकीचं आमी दोघं आन डॉक्टर बघून घेऊ. बॅग वापस न्या." बाई गं, म्या तिच्या तोंडात साखरच घातली!

तुझी अक्का,
लक्ष्मीबाई

ता.क. जाताना सटवाजीनं मला गोठ्याआड नेऊन डॉक्टरचा पत्ता विचारला. तो बी दोन वर्षं तसलीच गोळी खातोय, मामीला ठाऊक न्हाई.

ता.क. दुसरं. पत्र लिहिलं ते खरं ह्याच्यासाठी. तुझ्या दत्ताला बी उदासीची गोळी चालू हाय, आन तुझी सून दिवाळीपासून माहेरी. तू तिलाच बोल लावायलीस. आधी लेकाला विचार, लाजू नको. गोळी बंद करू देऊ नको, घेऊनच ये इकडं, डॉक्टरकडं सोबत होईल. सटवाजी पाहुणे बी येत्या बुधवारी त्याच डॉक्टरकडं जायला येतो म्हणून गेलेत.