वरच्या पोत्यातला आकडा

नाय गो आये, मशीन खोटं बोलत नाय. तू इचारलं नायस, तरी सांगते. भात वाळलंय का वल्लं हाय ते आता दातानं कोण बघत नाय. मशीनची सळी पोत्यात खुपसायची, वलाव्याचा आकडा येतो, तो मोबाइलवर टाकायचा. तिथनं तो ब्लॉकचेनवर चढतो. ती म्हंजे वहीच, भाची सांगते, शंभर ठिकाणी एकसारखी, चढलेलं खोडता येत नाय. मी बोलले, मंग तीच बघंल ना भात? "नाय मावशी, तिला बाहेरचं कायच दिसत नाय. आपण सांगू तेच तिला खरं." म्हून एकाच ढिगाचं गटातल्या तिघींनी मोजायचं आन् मधला आकडा धरायचा. येवढा खटाटोप, आन् शेवटी भरवसा माणसावरच.

तुझ्या अंगणात मशीन नव्हतं. म्हशाच्या जत्रेला गाडी जुंपलेली, मी नवा झगा घालून उभी, आन् तू वरडतेस, "बियाण्याचे चार दाणे चाव गो, कट् वाजतं का बघ." मी लांबनंच बोलले, "वाळलंय." कणगी भरली. पेरायच्या टायमाला उघडली तर कुबट वास. निम्मं उगवलंच नाय. तू धसईला मावशीकडं बियाणं मागायला गेलीस, आन् परत येऊन येवढंच बोललीस, "दात आधी चालवायचे, जीभ मागनं."

यंदा आमच्या बायकांच्या गटाचं बियाणं शहापूरच्या शेतकऱ्यांना जायचं व्हतं. वलावा तेरापर्यंत चालतो, वर गेला तर गाडी सुटत नाय. मी वरच्या पोत्यात सळी घातली, तेरा आले. बाकी दोघींनी खालच्या पोत्यांत घातली, सोळा न् सतरा. मधला सोळा धरला, गाडी थांबली, भात परत उन्हात पसरलं. नायतर तिकडं कुणाची तरी रोपं उगवलीच नसती. दोघी हसतात, "काय गो, तुझी सळी उन्हं खात बसली व्हती काय?" भाची बोलते, "एकीचं चुकलं तरी निभावतं मावशी, म्हून तर तिघी." कोण वरडलं नाय. सगळ्यांना वाटतं, चुकून झालं.

चुकून नाय झालं. खालच्या पोत्यावर हात ठेवला तवाच गार लागलं व्हतं. वरची पोती हलवायचा कंटाळा केला आन् तेरा टाकून मोकळी झाले. ते तेरा तिथं राहिलेत, पण कसे आले ते त्या वहीला ठाव नाय. भाचीला सांगणार नाय. तू गेलीस तिथं हा कागद धाडता येत नाय, म्हून तर लिहिलं. आता बास. आणखी एक शब्द बोलणार नाय मी.